ब्रेकचे पेडल खाली का जाते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘पेडल खाली जाते’ अशीच तक्रार आहे. परंतु पत्रे नीट वाचली असता या एका तक्रारीमागे निदान चार निरनिराळे दोष दडलेले दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी नेताना पेडल खाली जाते एवढे सांगून भागत नाही. ते स्पंजासारखे मऊ लागते का, पहिल्यांदा खाली जाऊन दुसऱ्यांदा वर येते का, पाय तसाच ठेवला तर जागेवर राहते की सरकत राहते, आणि हे गाडी थंड असताना होते की घाट उतरल्यावर, हे सांगावे लागते. ज्या वाचकांनी हे बारकावे लिहून पाठवले, त्यांचीच पत्रे येथे उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : आमची लहान पेट्रोल मोटार अकरा वर्षांची आहे. धावत्या गाडीत ब्रेक चांगला लागतो. परंतु बेळगावात चन्नम्मा चौकात सिग्नलला उभे असताना ब्रेकवर पाय ठेवून राहिले की पेडल हळूहळू तळाकडे जाते आणि गाडी किंचित पुढे सरकते. पाय उचलून पुन्हा दाबले की पेडल वर येते. ब्रेक ऑइलची पातळी महिनाभर तशीच आहे आणि चाकांजवळ कोठे ओल नाही. एका गॅरेजमध्ये बूस्टर बदलण्यास सांगितले, दुसरीकडे पॅड बदला म्हणाले. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण केलेल्या वर्णनाशी दोन्ही सल्ले जुळत नाहीत. दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सीलमध्ये आहे, आणि तो तपासण्याआधी बूस्टरवर किंवा पॅडवर एक रुपयाही खर्च करू नये.

पेडल दाबले की त्याचा दांडा बूस्टरमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला पुढे ढकलतो. पिस्टनच्या तोंडाशी बसवलेली रबरी वाटी वरच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र ओलांडते आणि तेथून पुढे सिलिंडरमधील ऑइल कोंडले जाऊन त्याचा दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव पदार्थ दाबाने आकसत नाही, असेच व्यवहारात धरता येते. म्हणून एकदा पॅड डिस्कला आणि लायनर ड्रमला टेकले की पाय कितीही वेळ ठेवला तरी पिस्टनला पुढे जाण्यास वाव उरत नाही. तरीही पेडल सरकत असेल, तर कोंडलेले ऑइल कोठून तरी निसटते आहे. ते बाहेर गळत असते तर टाकीतील पातळी उतरली असती. आपली पातळी कायम आहे, याचा अर्थ ऑइल झिजलेल्या वाटीच्या कडेने मागे येऊन पुन्हा टाकीत किंवा सिलिंडरच्या दुसऱ्या कप्प्यात जात आहे.

धावत्या गाडीत हाच ब्रेक चांगला का वाटतो, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण नेमके येथेच निदान चुकते. जोरात ब्रेक मारला असता वाढलेल्या दाबामुळे वाटीची कड फाकून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गळती तात्पुरती थांबते. सिग्नलला आपण पेडल अलगद धरून ठेवतो, तेव्हा दाब कमी असल्यामुळे कड सैल राहते आणि ऑइल सावकाश मागे झिरपते. गॅरेजमधील मिस्त्री गाडीत बसून पेडल दोन-तीनदा जोरात दाबून पाहतो, त्याला ते कडक लागते आणि तो इतर सुटे भाग बदलू लागतो. म्हणून ही तपासणी हलक्या पायानेच करावयास हवी.

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील उरलेला व्हॅक्यूम संपतो. त्यानंतर अगदी हलका पण सारखा दाब देऊन साधारण एक मिनिट पेडल धरून ठेवावे, मग मध्यम दाबाने तेच करावे, आणि शेवटी इंजिन चालू ठेवून पुन्हा एकदा पाहावे. पेडल सलग सरकत राहिले तर आतील गळती जवळजवळ निश्चित समजावी. जोडीला कोणी असेल तर एकाने टाकीचे झाकण काढून आत पाहावे, मात्र चेहरा टाकीवर झुकवू नये. पेडलच्या पहिल्या स्पर्शाला टाकीत छोटीशी उसळी येते, ती स्वाभाविक आहे. परंतु पेडल धरून ठेवलेले असताना तळाशी बारीक भोवरा फिरत राहिला, तर ऑइल परत येत असल्याचा तो डोळ्यांदेखतचा पुरावा होय. मात्र भोवरा दिसला नाही म्हणून सिलिंडर निर्दोष ठरत नाही, कारण दोन कप्प्यांमधील सील गेले असेल तर ऑइल टाकीपर्यंत येतच नाही.

शंका उरलीच तर मिस्त्रीकडून मास्टर सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या नळ्या सोडवून त्या जागी योग्य आट्यांचे प्लग बसवून घ्यावेत. आत हवा नसताना अशा बंद केलेल्या सिलिंडरवर पेडल दगडासारखे कडक लागले पाहिजे. तरीही ते सरकले तर दोष सिलिंडरचाच. ते कडक राहिले, तर दोष पुढे आहे. त्या वेळी चारही चाकांच्या रबरी नळ्या होज पाइपसाठी मिळणाऱ्या गुळगुळीत क्लॅम्पने आवळाव्यात आणि मग एकेक सोडत जावे. जिचा क्लॅम्प काढताच पेडल खाली येते, त्या चाकाकडे पाहावे. साध्या पकडीने नळी चिमटू नये, तिचे आतील अस्तर फाटते. क्वचित असे होते की सर्व नळ्या आवळूनही पेडल सरकते आणि मास्टर सिलिंडर मात्र निर्दोष असतो. अशा गाडीत एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधील झडप गळत असते. हा महागडा भाग असल्याने तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

आता बूस्टरविषयी. बूस्टर हा पायाच्या जोराला व्हॅक्यूमची जोड देणारा भाग आहे, त्यात ब्रेक ऑइल नसते, आणि तो बिघडला तर पेडल खाली न जाता उलट कडक होते. मात्र त्याचा या दोषाशी एका ठिकाणी संबंध येतो. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले तर ऑइल थेट बूस्टरच्या पोटात उतरते; बाहेर थेंबही दिसत नाही आणि पातळी तर घटत राहते. सिलिंडर जेथे बूस्टरला जोडलेला असतो तेथे खालच्या बाजूचा रंग पापुद्रे सुटून निघालेला दिसला, तर ही शक्यता तपासावी.

दुरुस्तीत फक्त नव्या सीलचे किट टाकावे की संपूर्ण सिलिंडर बदलावा, हा प्रश्न पुढे येईल. आपल्या गाडीचे वय पाहता माझे मत संपूर्ण सिलिंडर बदलावा असे आहे. जुन्या ऑइलमधील ओलाव्याने आतील भिंतीवर बारीक खड्डे पडलेले असतात आणि नवी वाटी त्यांवर घासून काही महिन्यांत पुन्हा झिजते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरने घासून घेण्याचा प्रकारही करू देऊ नये, कारण वरचा कठीण थर निघून जातो. आपल्या भागातील काही वाचकांना असे वाटते की उद्यमबागेत हायड्रॉलिकचे एवढे कारखाने असताना त्याच मापाचे सील तेथून आणून बसवण्यास काय हरकत आहे. हरकत मोठी आहे. कारखान्यांतील हायड्रॉलिक यंत्रे बहुतांशी खनिज तेलावर चालतात आणि त्यांची सील सामान्यतः नायट्राइल रबराची असतात; मोटारीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते आणि त्यासाठी ईपीडीएम जातीचे रबर लागते. माप तंतोतंत जुळले तरी नायट्राइल या ऑइलात टिकत नाही.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी त्यातील हवा टेबलावर, व्हाइसमध्ये धरून काढून घ्यावी. हे टाळले तर नंतर चाकांवरून कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहते आणि नवा भागच खराब आला असा गैरसमज होतो. आणि एक विनंती : पेडल दुसऱ्यांदा वर येते म्हणून दुरुस्ती पुढे ढकलू नये. निपाणीहून बेळगाव किंवा कोल्हापूरकडे निघालात की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. तेथे ही गाडी दुरुस्तीआधी चालवू नका. शक्यतो मिस्त्रीलाच घरी बोलवा.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पाच जण सामानासह चोर्ला घाटाने साखळीकडे उतरत होतो. अर्ध्या घाटात पेडल एकाएकी मऊ होऊन जवळजवळ तळाला गेले. कशीबशी गाडी कडेला घेतली. पाऊण तासाने निघालो तेव्हा पेडल पूर्ववत होते. गोव्यात गॅरेजमध्ये दाखवले, त्यांना काहीच दोष आढळला नाही. तेव्हापासून गाडी ठीक आहे. काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : होय, नक्कीच आहे. गाडी ठीक झालेली नाही, फक्त थंड झाली आहे. पुन्हा तोच घाट तेवढ्याच ओझ्यासह तसाच उतरलात तर तेच घडेल, म्हणून गणपतीच्या किंवा दिवाळीच्या प्रवासापूर्वी हे काम उरकावे.

आपल्या गाडीतील ब्रेक ऑइल उकळले. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही तो हळूहळू आत येतो. ‘डॉट’ हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा निदान २३० अंश असावा लागतो. मात्र ऑइलात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर डिस्कचे तापमान काही शे अंशांवर जाते, ती उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आणि तेथून ऑइलला लागते. ऑइल उकळून वाफ झाली की पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्ची पडतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल कडक होते, आणि गॅरेजवाल्याला अर्थातच काही सापडत नाही.

जांबोटी, कणकुंबी, खानापूर हा पट्टा पावसाचा आहे आणि चार महिने हवा ओलाव्याने भरलेली असते. तेव्हा बहुतेक कंपन्यांनी दिलेली दोन वर्षांची मुदत येथील गाड्यांनी तरी ओलांडू नये. ऑइलच्या रंगावर जाऊ नका. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असू शकते. बदलताना टाकीतील वरचे ऑइल उपसून नवे भरणे पुरेसे नाही, कारण सर्वांत जास्त तापते ते कॅलिपरमधले. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल व हवा बाहेर काढण्याच्या बारीक तोटीतून) जुने ऑइल संपून नवे येईपर्यंत ते काढले पाहिजे. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला आहे तोच वापरावा. बाटली फोडल्यावर उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी फडताळात ठेवू नये. उघडलेली बाटली आपल्या पावसाळ्यात फार लवकर निरुपयोगी होते.

त्याच वेळी चारही चाके तपासून घ्यावीत. एखादा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत असेल तर ते एक चाक इतरांपेक्षा खूप जास्त तापते. थोडे अंतर ब्रेक न वापरता चालवून प्रत्येक रिमजवळ हात नेला, तरी फरक कळतो. धातूला मात्र हात लावू नये. येथे आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड गेली तर जळका वास येतो आणि गाडी थांबत नाही, पण पेडल कडकच राहते. आपले पेडल मऊ झाले होते, म्हणून दोष ऑइलचाच आहे.

घाट उतरण्याची पद्धतही बदलावी लागेल. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच्या आसपासच्या, म्हणजे चोर्ल्यासारख्या उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवावी आणि इंजिनला वेग आवरू द्यावा. ब्रेक सतत हलका घासत ठेवण्यापेक्षा वेग वाढला की नीट दाबून कमी करावा आणि पाय उचलावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरण्याची सवय अजूनही अनेकांना आहे. तीत इंजिनाची मदत जाते, बूस्टरचा व्हॅक्यूम जातो आणि स्टिअरिंगही जड होते. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतू नये, ती वाकडी होते किंवा तडकते.

प्रश्न : मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रममधील लायनर दाबणारा छोटा सिलिंडर) गळत होता, तो बदलला. त्यानंतर मिस्त्रीने अनेकदा एअर काढली, पण पेडल स्पंजासारखेच आहे. पंपिंग केले की थोडे कडक होते. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस आहे. आता मास्टर सिलिंडर बदला म्हणतात.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पंपिंग केल्यावर कडक होणारे पेडल बहुधा आत हवा उरल्याचे सांगते. मास्टर सिलिंडर बदलण्यापूर्वी एअर कशी काढली गेली, हे विचारावे.

दोन माणसांनी करावयाची रीत अशी. मिस्त्री निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या ऑइलात बुडवतो. गाडीतील माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, मिस्त्री निपल अर्धा आटा सोडतो, पेडल खाली जाते, निपल आवळला जातो, आणि त्यानंतरच पाय उचलावयाचा. निपल उघडा असताना पाय उचलला गेला की आट्यांच्या कडेने हवा पुन्हा आत ओढली जाते. एकमेकांना ‘दाब’ आणि ‘सोड’ म्हणताना एक क्षण चुकला तरी तासाभराचे श्रम वाया जातात. टाकीतील ऑइल मध्येच संपले तर सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. पेडल भराभर मारल्याने हवेचा फेस होतो आणि बारीक बुडबुडे निघत नाहीत. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. पिस्टन एरवी जेथे जात नाही तेथे गंज आणि गाळ असतो, तेथे नेल्यास चांगली सीलही फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याची रीत पुष्कळ गाड्यांना लागू पडते, परंतु अनेक लहान गाड्यांत एक पुढचे आणि त्याच्या तिरप्या बाजूचे मागचे चाक असे सर्किट असते आणि तेथे क्रम निराळा असू शकतो.

कॅलिपर कधी काढले गेले असतील तर निपल कोठे आहे ते अवश्य पाहा. तो वरच्या टोकाला असला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला तर निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि खालून स्वच्छ, बुडबुड्यांविना ऑइल येत राहते. बाहेरून सर्व काही बरोबर दिसते, म्हणून हा घोळ लवकर लक्षात येत नाही.

आपल्या गाडीत एबीएस असल्याने आणखी एक शक्यता आहे. सिलिंडर बदलताना टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली असेल, तर ती साध्या रीतीने निघत नाही; स्कॅनर जोडून आतील झडपा आणि पंप चालवावा लागतो. यासाठी ते यंत्र असलेल्या ठिकाणीच जावे. याशिवाय कोणाला तरी पेडल दाबण्यास सांगून रबरी नळ्यांवर बोटे ठेवून पाहा. दाबाबरोबर एखादी नळी फुगत असेल किंवा तिच्यावर भेगा असतील, तर पायाचा जोर तेथेच मुरतो आहे. बदलताना एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही नळ्या बदलाव्यात.

प्रश्न : खराब रस्त्यावरून आल्यावर पहिला ब्रेक खोल लागतो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की उंच आणि अगदी कडक लागतो व जागेवर राहतो. ऑइल नवे आहे.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दुसऱ्या वेळी पेडल कडक लागते आणि सरकत नाही, त्यामुळे हवा आणि आतील गळती या दोन्ही शंका मागे पडतात. पॅड किंवा लायनर आपल्या जागेपासून दूर गेले आहेत आणि पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच संपतो. हे नेहमीच होत असते तर मागच्या ड्रममधील लायनरचे अंतर वाढले आहे, असे मी म्हटले असते. आपोआप जुळवून घेणारा अ‍ॅडजस्टर धुळीने आणि गंजाने जाम होतो, तो साफ करून लायनर जुळवून घेतला की काम होते. आपल्याकडे मात्र खड्ड्यांच्या रस्त्यानंतरच घडते. तेव्हा पुढच्या चाकांच्या बेअरिंगकडे संशय जातो. बेअरिंग ढिले झाले की चाकाबरोबर डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावे; खडखड लागली तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचे जोड तपासून घ्यावेत. डिस्कच वाकडी असेल तरी असे होते, पण तेव्हा ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरते.

प्रश्न : टाकीत ब्रेक ऑइल कमी दिसले म्हणून घरातील एकाने पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ओतले. गाडी अजून चालवलेली नाही.
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : चालवली नाही हे फार चांगले केले. पेडलही दाबू नका. पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलसारख्या खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते, प्रथम ब्रेक अडकतात आणि मग सील निकामी होतात. आत्ताच टाकी उपसून, काढून, धुऊन घेतली आणि तेल खाली उतरलेले नसेल तर गाडी थोडक्यात वाचेल. त्याचा निर्णय मिस्त्रीने टाकीखालची रबरे पाहून घ्यावा. पेडल दाबले गेले असेल तर मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची सर्व रबरे व नळ्या बदलाव्या लागतील. खर्च मोठा असला तरी यात मधला मार्ग नाही.

मुळात पातळी का उतरली, हेही पाहावे. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी सावकाश उतरते, ते स्वाभाविक आहे. मात्र ती अल्पावधीत उतरली असेल तर चाकांच्या आतील बाजूला ओल शोधावी आणि ड्रम काढून व्हील सिलिंडरचे रबरी टोपण अलगद उचलून पाहावे. त्याखाली ऑइल साचले असेल तर सील गेलेले आहे.

प्रश्न : पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केले की पेडल थोडे खाली जाते. हा दोष आहे का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. बूस्टरला व्हॅक्यूम मिळाल्याचे ते लक्षण आहे. थोडे खाली जाऊन पेडल थांबते, तोवर निश्चिंत राहावे. इंजिन सुरू होऊनही ते जराही हलले नाही, तर मात्र बूस्टर आणि त्याची नळी तपासावी.

प्रश्न : वंटमुरी घाटात पुढे उसाची ट्रॉली असताना पेडल एकदम तळाला गेले तर काय करावे?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : पाय उचलून पेडल वेगाने पुन्हा पुन्हा दाबावे. हवा किंवा वाफ असेल तर काही दाब साठतो. आजच्या मोटारींत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटे असतात. त्यांपैकी एक फुटले तरी पेडल बरेच खाली जाऊन दुसऱ्यावर अर्धाअधिक ब्रेक लागतो, म्हणून पेडल खोल गेले तरी जोर सोडू नये. त्याच वेळी गिअर एकेक खाली आणावा. हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर मागची चाके अडकून गाडी आडवी होते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत त्याचे बटण ओढून धरून ठेवले की गाडी आवरली जाते. हॉर्न आणि धोक्याचे दिवे चालू ठेवावेत. चावी मात्र फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. ट्रॉली टाळता येत नसेल तर दरीकडे न वळता डोंगराच्या बाजूच्या मातीत गाडी घासत न्यावी.

एकदा थांबल्यावर पेडल वर आले तरी ती गाडी चालवत संकेश्वरपर्यंत नेऊ नये, आणि दोरीने ओढूनही नेऊ नये, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही ब्रेक लागतातच. मागच्या चाकांना दगड लावावेत, माणसांना महामार्गाच्या कठड्यापलीकडे उभे करावे आणि गाडी वर चढवून नेणारा टेम्पो बोलवावा.